सात नंबरचा चाकू

डोहगावात रझाकारांची संख्या दर वर्षी वाढत होती. खरे रझाकार कधीच गेले; वाढत होते ते आबासाहेबांच्या गोष्टीतले. सिताराम शाळेत होता तेव्हा आबासाहेबांचे वडील योगीराज यांनी गोदावरीच्या वाळूत तीन रझाकारांना गाठून म्होरक्याच्या हातातला चाकू हिसकावला होता. सिताराम नोकरीला लागला तोवर तिघांचे सात झाले. तो निवृत्त होऊन गावी परतला तेव्हा आकडा अकरावर पोचला होता आणि मधल्या काळात एक पांढरा घोडाही सामील झाला होता. घोड्याचं पुढं काय झालं, हे विचारायची गावात पद्धत नव्हती.

चाकू मात्र फारसा कुणी जवळून पाहिलेला नव्हता. तो आबासाहेबांच्या कपाटात लाल फडक्यात असायचा. सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाचं झेंडावंदन झालं की आबासाहेब ते फडकं उंच धरून दाखवायचे आणि गाव फडक्याला टाळ्या वाजवायचं.

यंदा आबासाहेबांना अठ्ठ्याहत्तरावं लागलं आणि त्यांच्या मनानं घेतलं की चाकू आता शाळेला द्यायचा. काचेची पेटी करायची, खाली काळ्या ग्रॅनाइटची पाटी बसवायची आणि तिच्यावर सगळा पराक्रम सनावळीसह कोरायचा. पराक्रम पाठ होता, सनावळीची अडचण होती. म्हणून ऑगस्टातल्या एका सकाळी ते फडकं घेऊन सितारामच्या ओसरीवर आले.

सिताराम गंगाखेडच्या तहसिलीत रेकॉर्ड सांभाळून निवृत्त झाला होता. जुने कागद उर्दूत, म्हणून तरुणपणी एका म्हाताऱ्या मुन्शीकडून तो उर्दू शिकला. निजामाच्या काळातल्या नोंदी शोधायची लाट आल्यापासून त्याच्या ओसरीवर डॉक्टरपेक्षा जास्त गर्दी असे, आणि फीस म्हणून तो फक्त एक चहा घ्यायचा.

"राम राम, सिताराम."

"जयभीम, आबासाहेब. या, बसा."

आबासाहेबांनी फडकं सोडलं. "हैदराबादचा एक जाणकार लग्नात भेटला व्हता. जुन्या चीजवस्तू घेतो-इकतो. फोटो बघूनच म्हनला, हिजरी तेराशे साठ. म्हंजे आपलं एकोणीसशे एक्केचाळीस. रझाकाराचाच, शक न्हाई. तू फकस्त ती अक्षरं मराठीत लिवून दे."

सितारामनं चष्मा पुसला आणि चाकू हातात घेतला. घडीचा चाकू, मिटलेला, चार बोटं लांब. मूठ शिंगाची, हात लागून लागून काळीशार झालेली. नख अडकवायच्या खाचेत नख घालून त्यानं पातं उघडलं, तर कट् असा आवाज झाला. एवढ्या वर्षांतही कमान ढिली पडली नव्हती. पात्याच्या मुळाशी बारीक इंग्रजी अक्षरं होती, निम्मी झिजलेली, म्हणजे माल विलायती. आणि मुठीच्या दुसऱ्या टोकाला पात्याऐवजी हाडाची एक चपटी जीभ बाहेर आलेली होती.

"ही कशाची, आबासाहेब?"

"गोळी काढायची. लढाईत अंगात घुसलेली." आबासाहेब इतक्या सहज म्हणाले की त्यांचा स्वतःचाही त्यावर पूर्ण विश्वास असावा.

मुठीच्या बाजूला पितळेची चिंचोळी पट्टी होती. सितारामनं ती उजेडाकडं धरून पुटपुटत वाचली. 'बाग, परभणी.' त्याखाली सन तेराशे साठ. आणि एका कोपऱ्यात एकटा आकडा: सात.

सत्तर वर्षांचा माणूस, पण शाळेच्या पटांगणात उभा असल्यासारखे त्याचे कान तापले. "ए चाकू, तुझा बाप चाकूचोर," असं पोरं ओरडायची त्या पटांगणात.

सितारामचे वडील बालाजी हे परभणीच्या सरकारी बागेत माळी होते. बागेचा नियम कडक होता. सकाळी प्रत्येक माळ्याला त्याच्या नंबरचा चाकू मिळायचा आणि संध्याकाळी तो जमा करून नोंदवहीत खूण करून घ्यायची. एका हिवाळ्यात बालाजीच्या नावापुढं खूण पडली नाही. सात नंबरचा चाकू गेला, त्याच्याबरोबर नोकरी गेली आणि डोहगावात त्या घराचं नाव पडलं ते कायमचं. बालाजी मरेपर्यंत एवढंच म्हणत राहिला, "म्या चोरला न्हाई."

सितारामच्या जिभेवर सगळं आलं होतं. पण आयुष्यभर साहेबांसमोर बसून एक गोष्ट त्याला जमली होती, ती म्हणजे आलेलं गिळणं.

"काय लिवलंय?" आबासाहेबांनी विचारलं.

"तेराशे साठच हाय."

"मंग बराबर."

सितारामनं कागदावर अक्षरं मराठीत उतरवून दिली. तो खोटं एक अक्षर बोलला नाही. खरं मात्र निम्मंच बोलला.

आबासाहेब गेले तशी थोरली बहीण कुसुमबाई आतून डाळ पाखडायचं सूप घेऊन बाहेर आली. वय ब्याऐंशी, दात चार, कान मात्र गावातल्या कुणाहून तिखट. "सात कसा लिवलाय, दाखव," ती म्हणाली.

सितारामनं ओसरीच्या धुळीत बोटानं उर्दू सात काढला, वर उघडलेला कोन. कुसुमबाईनं त्या कोनावरून स्वतःचं बोट फिरवलं.

"आन् दुसऱ्या टोकाला हाडाची जीभ?"

"अक्का, तुला कसं ठाऊक?"

"बापानं एकदा घरी आनला व्हता ना. मी आठ वर्साची असंल. तवा बागेत नवे बारा चाकू आले व्हते. मला म्हनला, हे पातं साल चिरायला आन् ही जीभ साल उचलायला. लोखंड लागलं तर कलमाचा डोळा काळा पडतो." मग तिनं सूप खाली ठेवलं. "शनवारी संध्याकाळी आनला, कनवटीला लपवून. आईतवारी योगीराजच्या मोसंबीची कलमं करायला, डोळे भरायला गेला. चारशे खुंट व्हते. सोमवारी तसाच, बिनचाकूचा बागेवर गेला."

"मंग तो बोलला का न्हाई कुनाला?"

"काय बोलनार? सरकारी चाकू बाहीर नेला, हाच गुन्हा. आन् योगीराजचं नाव घ्यून गावात ऱ्हायचं कुटं? आई त्यांच्याच रानात खुरपायला जायची." कुसुमबाईचा आवाज खाली आला. "माझी पयली सोयरीक त्याच्यावरनं मोडली, सिताराम. चाकूचोराची पोरगी नको म्हनले. मला दुसरं काय नको. पर त्या घरानं एकदा गावासमोर म्हनावं, बालाजीनं चोरला न्हवता. एवढं ऐकून मरायचंय."

सिताराम रागानं उठला. आत्ता जातो आणि सांगतो, म्हणाला. कुसुमबाईनं त्याच्या धोतराचा सोगा धरून त्याला खाली बसवलं.

"जाशील आन् काय सांगशील? बापाचं कुनी ऐकलं न्हाई, तुजं ऐकतील? तो एक्केचाळीस म्हनायलाय, तू म्हनशील दुसरं. झालं भांडन. मला सांग, कार्यक्रमाला पाव्हना कोन हाय?"

"आदिनाथ सर. परभणीला विद्यापीठात तीस वर्सं फळबागा शिकवल्यात त्यांनी. शाळेनं झाडं लावायला बोलवलंय."

कुसुमबाई चारही दात दाखवून हसली. "मंग आपल्याला तोंड उघडायचं बी काम न्हाई. त्यांच्या हातात चाकू पडला की बास."

पण चाकू तर पेटीत कुलूपबंद राहणार होता. सितारामनं दोन दिवस डोकं खाजवलं आणि तिसऱ्या दिवशी पाराजवळ आबासाहेबांना गाठलं. पेटीची चौकशी केली, ग्रॅनाइटचं कौतुक केलं, आणि उठता उठता म्हणाला, "पेटीची फीत कशानं कापायची, आबासाहेब? एवढा शूराचा चाकू घरात असून पाव्हन्याच्या हातात शाळेची कात्री द्यायची म्हंजे बरं दिसत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला ठाऊक झालं की यंदाची फीत खुद्द रझाकाराच्या चाकूनं कापली जाणार, आणि ही कल्पना आबासाहेबांना पहाटे पूजेला बसल्यावर सुचली.

सतरा सप्टेंबरला ऊन चांगलं पडलं होतं. झेंडा चढला, मुलींनी मुक्तिसंग्रामाची सनावळी सुरात म्हणून दाखवली, आणि आबासाहेब माइकसमोर उभे राहिले. ग्रॅनाइटची पाटी शेजारी चकाकत होती. त्या दिवशी रझाकार चौदा झाले. बायकांच्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी कमलबाईंनी कपाळाला हात लावलेला सितारामनं पाहिला.

मग तबकात लाल फडकं आलं. आदिनाथ सरांनी चाकू उचलला, नखानं पातं उघडलं, आणि फितीकडं जायच्या ऐवजी तिथंच थांबले. पात्यावरून अंगठा फिरवला. चाकू उलटा केला, हाडाची जीभ बघितली, आणि कुणाला काही न सांगता व्यासपीठावरून उतरून शाळेच्या लिंबोणीकडं चालू लागले. लोकांना वाटलं, पाहुण्यांना लघवीला जायचं असावं.

ते परत आले ते लिंबोणीची एक काडी घेऊन. लावायला आणलेल्या रोपांतलं लिंबूवर्गातलं एक रोप त्यांनी टेबलावर ठेवलं आणि मुलांना पुढं बोलावलं.

"ही काडी बघा. पानाच्या बगलेत हा फुगीर ठिपका दिसतोय? ह्याला डोळा म्हणतात." त्यांनी पात्यानं सालीसकट डोळा अलगद काढला. रोपाच्या खोडावर आडवी एक चीर दिली, तिच्यातून खाली उभी एक. मग चाकू बोटांतल्या बोटांत फिरवून हाडाच्या जिभेनं साल दोन्हीकडं उचलली आणि डोळा आत सरकवला. "झालं. आता पट्टी बांधायची. ह्यातून नवं झाड फुटतं. पोरांनो, मी जन्मभर डोळे भरले, पण असा चाकू हातात आला नव्हता. आबासाहेब, कुठं मिळाला हा? हा तर माळ्याचा डोळे भरायचा चाकू आहे."

"सर, ती जीभ गोळी काढायची हाय," आबासाहेब म्हणाले.

"ह्या जिभेनं लोणी निघेल, आबासाहेब. गोळी नाही निघायची."

पोरं खिदळली. सर खरोखर हरखून गेले होते, कुणाची टोपी उडवायचं त्यांच्या मनातही नव्हतं, आणि म्हणूनच आबासाहेबांना काही करता येत नव्हतं. पट्टीवरचं उर्दू कुणाला वाचता येतं का, असं सरांनी विचारलं आणि सगळं पटांगण सितारामकडं वळलं. तो चष्मा सावरत गेला.

"बाग, परभणी. नंबर सात. सन तेराशे साठ," त्यानं वाचलं.

"हिजरी," आबासाहेब ठासून म्हणाले. "एक्केचाळीस साल. पाटीवर कोरलंय."

सितारामनं माइक जवळ ओढला. "हिजरी सणावाराला, आबासाहेब. सरकारी वस्तूवर फसली सन, म्हंजे शेतसाऱ्याचं साल असायचं. बांधाच्या दाव्यात वीस वर्सं तुमी जे जुने कागद कोर्टात दाखिवले, त्याच्यावर कोनतं साल व्हतं?"

डोहगावात असा एक म्हातारा नव्हता ज्यानं जमिनीच्या कागदासाठी सितारामची ओसरी झिजवली नव्हती, आणि पटांगणाच्या चार कोपऱ्यांतून उत्तर आलं, "फसली."

"फसलीत पाचशे नव्वद मिळवा," सिताराम मुलांना म्हणाला.

"एकोणीसशे पन्नास," पुढच्या रांगेतली एक मुलगी लगेच म्हणाली.

"पन्नास-एक्कावन. आन् रझाकार कवा संपले?"

सनावळी नुकतीच म्हणून झालेली. दोनशे पोरांनी एका सुरात सांगितलं, "सतरा सप्टेंबर एकोणीसशे अठ्ठेचाळीस."

म्हणजे चाकूवर नंबर कोरला गेला तेव्हा हिसकावून घ्यायला बाहेर रझाकार उरलेच नव्हते. हा हिशेब लोकांच्या डोक्यात उतरला तसं हसू मागून पुढं सरकत आलं. आबासाहेबांचा चेहरा उतरला, पण गडी हार मानणारा नव्हता. त्यांनी माइक घेतला.

"तेच सांगायलोय मी. रझाकाराचा चाकू निराळा. हा सरकारनं वडलांना इनाम दिला. बागेत त्यांनी लय काम केलं..."

"अवो, बसा आता खाली." कमलबाई उभ्या राहिल्या होत्या. "मामंजींनी कुनाच्या बागेत कवा काम केलं? पन्नास वर्सं मी तुमचे रझाकार मोजीत गप बसले. आत्याबाई मला सांगून गेल्यात. मोसंबीचे डोळे बालाजी माळ्यानं भरले. काम झाल्यावर मामंजी म्हनले, चाकू बघू दे, लय भारी हाय. बघायला घेतला तो ठिवूनच घेतला. दुसऱ्या दिसी पहाटं बालाजी मागायला आला, तर दारातनं सांगितलं, तुजा चाकू हितं न्हाई."

पटांगणातलं हसू एकदम थांबलं. आबासाहेब बायकोकडं वळले. "आईनं मला का न्हाई सांगितलं?"

"तुमी कुनाला बोलू देता का?"

सिताराम त्या घटकेची किती वाट बघत होता. पण समोर एक म्हातारा उभा होता, ज्याच्याकडून आत्ताच त्याचा बाप काढून घेतला गेला होता. सितारामला त्याची कीव आली, आणि कीव आल्याचा रागही आला.

कुसुमबाईला मात्र असला काही घोळ नव्हता. काठी टेकत ती व्यासपीठाशी आली. वर चढायला दोघांनी हात दिला.

"मी बालाजीची थोरली," ती माइकमध्ये म्हणाली. "बापानं चाकू न इचारता बाहीर नेला, ही त्याची चूक. ती मी कबूल करते. चोरला न्हाई. आबासाहेब, आता तुमी सांगा."

मग आबासाहेब पुढं झाले. एवढा गर्जणारा आवाज, पण तो माइकपर्यंतही नीट पोचला नाही.

"बालाजीनं चाकू चोरला न्हवता."

"मागं ऐकू गेलं न्हाई," कुसुमबाई म्हणाली.

"बालाजीनं चाकू चोरला न्हवता."

"मंग कुनी ठिवून घेतला, ते बी सांगा."

आबासाहेबांनी डोळे मिटले. "माझ्या वडलांनी. योगीराजांनी ठिवून घेतला." मग त्यांनी टेबलावरचा चाकू मिटला, दोन्ही हातांवर ठेवला आणि तिच्यापुढं धरला. "घ्या, कुसुमबाई. तुमचाच हाय हा."

"माजा कसा? सरकारचा हाय." तिनं चाकू घेतला, घटकाभर मुठीत दाबून धरला आणि आदिनाथ सरांकडं वळली. "जमा करायचा राहिलाय. तुमी बागेचे साहेब ना? घ्या जमा करून. सात नंबर."

सर गोंधळले. "आजी, मला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. मला अधिकार नाही."

"मंग काय झालं? बापाचं बी काम सुटलंच की. पर पावती द्या. त्या टायमाला खूण राहिली, त्याच्यावरनं एवढं रामायन झालं."

सर हसले नाहीत. त्यांनी खिशातून पेन काढलं, भाषणाचा कागद उलटा केला आणि टेबलावर वाकून सावकाश लिहिलं. खाली सही केली, तारीख घातली. कुसुमबाईनं कागद उलटसुलट बघितला आणि भावाच्या हातात दिला.

"वाच. मोठ्यानं."

सिताराम जन्मभर दुसऱ्यांच्या बापांची नावं जुन्या कागदांतून वाचून दाखवत आला होता. हा कागद हातात धरल्यावर त्याला अक्षरं दिसेनात. चष्मा काढून त्यानं सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला.

"बाग, परभणी. डोळे भरायचा चाकू, नंबर सात," त्यानं वाचलं. "माळी बालाजी यांच्याकडून आज चांगल्या स्थितीत जमा."

कुसुमबाईनं काठीवर दोन्ही हात ठेवले आणि पटांगणाच्या पार शेवटच्या रांगेकडं मान वर करून बघितलं.

"मागं ऐकू आलं का?"

"आलं," मागून सगळे म्हणाले.